मार्गदर्शकाला जरा थांबवा!

विद्यार्थी मित्रहो, मेक्सिको शहराच्या राष्ट्रीय मानववंशशास्त्र संग्रहालयात अझ्टेकांची सूर्यशिला आहे. ती १७९० साली सापडली; व्यास सुमारे ३.६ मीटर! मार्गदर्शकाने नरबळीच्या कथा रंगवल्या, की घोळका पुढे सरकतो. तुम्ही मात्र तिथेच थांबा. एका वर्तुळात दिवसांची २० चिन्हे कोरली आहेत, ती मोजा. त्यांची १३ अंकांशी जोडी लावून २६० दिवसांचे धार्मिक चक्र होई. सौरवर्ष ३६५ दिवसांचे. दोन्ही पुन्हा एकत्र केव्हा येतील? लसावि काढा पाहू! १८,९८० दिवस, म्हणजे ५२ वर्षे. तेव्हा हे लोक घरोघरचे जुने अग्नी विझवून नवा अग्नी पेटवीत. नरबळी होत, हे खरेच. ते लपवू नये. पण हे गणित वगळून नुसते रक्तच दाखवणे हा माझ्या मते त्या लोकांवर अन्याय आहे.