पायडलवरचा एक तास

आपल्या वसतिगृहाच्या व्हरांड्यात स्टँडवर चढवलेली एक जुनी सायकल आहे. तिच्या मागच्या चाकावरून पट्टा डायनामोवर गेला आहे आणि डायनामोची तार बॅटरीला जोडली आहे. ऑगस्ट 2019 च्या महापुरात वीज गेली, मोबाइल बंद पडले आणि मुलांना घरची खुशाली कळेना. पूर ओसरल्यावर विज्ञानाच्या शिक्षकांनी आणि नववीच्या मुलांनी मिळून हे यंत्र उभे केले. त्यांचे कौतुक मनापासून आहेच. तथापि, ते पाहून एका पाहुण्यांनी सुचवले की, गरीब वस्त्यांत घरोघर अशी सायकल द्यावी, म्हणजे विजेचा प्रश्नच मिटेल. इतिहासाचा शिक्षक या नात्याने त्या सूचनेला उत्तर देणे मला आवश्यक वाटते.

आधी हिशेब मांडू. धडधाकट माणूस तासभर सलग पायडल मारून साधारण 75 वॅट शक्ती देतो. साखळी, पट्टा, डायनामो आणि बॅटरी यांत होणारी घट वजा जाता हाती सुमारे 50 वॅट-तास वीज उरते. वीजबिलावरचे एक युनिट म्हणजे 1000 वॅट-तास. म्हणजे एका युनिटसाठी वीस माणसांनी प्रत्येकी तासभर घाम गाळायचा. 2000 वॅटचा गिझर चालवायचा तर चाळीस जणांनी एकाच वेळी पायडल मारावे लागेल. उलट, 9 वॅटचा एलईडी दिवा तासाभराच्या त्याच कमाईवर पाच तास जळतो किंवा दोन-तीन मोबाइल चार्ज होतात. आपत्तीच्या रात्री एवढीही वीज मोलाची असते. संसार मात्र तिच्यावर चालत नाही. 2015 मध्ये अमेरिकेतील एका भारतीय वंशाच्या उद्योजकाने भारतातील खेड्यांसाठी अशाच सायकलींची घोषणा केली होती. तासभर पायडल मारल्यास घराला दिवसभराची वीज मिळेल, असा त्यांचा दावा होता. वरचा हिशेब पाहिला, तर ते घर दोन-चार दिव्यांपलीकडे जात नाही.

पण माझा आक्षेप केवळ आकड्यांचा नाही. आपल्या पूर्वजांचे शरीर हेच शतकानुशतके गावगाड्याचे इंधन होते. वेठबिगारीत राबणाऱ्याच्या श्रमाला मोजमाप नव्हते आणि मोबदलाही नव्हता. 1918 साली शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानातील महार वतने रद्द केली, ती हे जोखड उतरवण्यासाठी. यंत्रामुळे माणसाला फुरसत मिळते आणि फुरसतीतून विचार व संस्कृती फुलतात, हा मुद्दा बाबासाहेबांनी 1945 च्या ग्रंथात गांधीवादाची चिकित्सा करताना ठामपणे मांडला. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना वीज हा विषय त्यांच्याकडे होता. ऑक्टोबर 1943 मध्ये वीजविकासाच्या धोरण समितीपुढे बोलताना त्यांनी उद्योगीकरणासाठी स्वस्त आणि मुबलक विजेचा आग्रह धरला. दारिद्र्याच्या फेऱ्यातून सुटण्याचा मार्ग त्यांना त्यातच दिसत होता. राधानगरीच्या ज्या धरणाचे काम शाहू महाराजांनी सुरू केले, तेथे आज जलविद्युतही निर्माण होते. हा वारसा सांगणाऱ्या समाजाने, दिवा हवा असेल तर स्वतःच पाय हलवा, हा उपदेश का ऐकावा? तो उपदेश कोणी बंगल्यांच्या वसाहतींना करत नाही.

मग सायकल मोडीत काढावी काय? मुळीच नाही. तिची खरी जागा वर्गात आहे. तासभर पायडल मारलेला मुलगा खोलीतून बाहेर पडताना पंखा बंद करतो, हे मी स्वतः पाहिले आहे. त्याला एका युनिटची किंमत मांड्यांतून कळलेली असते. श्रमाची प्रतिष्ठाही अशाच अनुभवातून येते. अट एवढीच की, श्रम सर्वांच्या वाट्याला यावेत. म्हणून मी दोन नियम सुचवतो. पायडल मारणे ही शिक्षा म्हणून कोणालाही कधी देऊ नये आणि पाळीच्या यादीत मुख्याध्यापकांपासून पाहुण्यांपर्यंत सर्वांची नावे असावीत.

माजी विद्यार्थ्यांना एक विनंती. तुमच्यापैकी अनेक जण आज अभियंते आहेत, वीज क्षेत्रात नोकरीला आहेत. वसतिगृहाच्या छपरावर सौर पॅनेल आणि पुरेशी बॅटरी बसवण्याचे काम तुम्ही अंगावर घ्या. पूर पुन्हा येईल. तेव्हा दहावीच्या मुलीचा अभ्यास कोणाच्या दमावर अवलंबून राहू नये. पुढच्या स्नेहमेळाव्याला याल तेव्हा व्हरांड्यातल्या सायकलवर तासभर बसा. यादीत पहिले नाव मी माझे लिहिले आहे.