रिसेट बटण असतं ना?

ऑगस्टमधला शनिवार. इंग्लंडात, आमच्या क्लबपासून ३१ किलोमीटरवर, कापणी झालेल्या गव्हाच्या शेतात मी ग्लायडर उतरवलं. सिल्व्हर बॅजसाठी ५० किलोमीटर लागतात. म्हणजे नापास! ग्लायडर सुटं करून, ट्रेलरवर चढवून संध्याकाळी क्लबात पोचतो न पोचतो तोच चहाच्या टेबलावरून टोमणा आला, "का रे, तुझ्या सिम्युलेटरमध्ये रिसेट बटण असतं ना?" सगळे हसले. मीही हसलो. पण ते काही डोक्यातून जाईना, म्हणून आज लिहायला बसलोय.

हडपसरला विंचने ओढून वर जाणारी ग्लायडर्स बघत मी लहानाचा मोठा झालो. शिकायला मात्र ऑनसाईट आल्यावर जमलं. आता मैदानाभोवती घिरट्या घालणं वेगळं आणि क्रॉसकंट्री वेगळं. इंजिन नाही. उन्हाने तापलेली हवा वर येते, तिच्यात गोल गोल फिरत उंची कमवायची आणि पुढच्या थर्मलपर्यंत ती खर्च करायची. १:४० चं ग्लायडर स्थिर हवेत १००० मीटर उंचीवरून ४० किलोमीटर जातं. हे झालं पुस्तकातलं. शहाणा माणूस त्याच्या निम्मंच धरतो.

म्हणजे क्रॉसकंट्री हा हातापायांचा खेळ कमी आणि निर्णयांचा जास्त. हा थर्मल घ्यावा की सोडावा? १९५६ चे जगज्जेते पॉल मॅकक्रेडी यांचं गणित सांगतं की पुढचा थर्मल किती ताकदीचा मिळेल, त्यावर मधल्या टप्प्यातला वेग ठरवा. गणित सोपं आहे हो, पण पुढचा थर्मल सेकंदाला १ मीटरचा की ३ चा, हा अंदाज बांधायला कोण शिकवणार? बहुतेक क्रॉसकंट्री एका सीटच्या ग्लायडरमधून होते. दोन सीटवाली असतात, पण त्यांच्यामागे रांग. त्यात इथलं हवामान! बरा दिवस उगवतो तो नेमका मंगळवारी, रिलीजच्या दिवशी. :-)

म्हणून माझे गुरू (सत्तरीचे आहेत, मी मनात त्यांना आजोबाच म्हणतो) हिवाळाभर दर बुधवारी रात्री काँडोर सिम्युलेटर लावून बसायचे. ते त्यांच्या घरी, मी माझ्या, आकाश एकच. मागून उडत यायचे आणि हेडफोनमध्ये सारखा एकच प्रश्न, "आत्ता कुठे उतरशील?" २००० फुटांवर परिसर ठरव, १५०० वर शेत, १००० वर निर्णय पक्का. मग कितीही झकास ढग दिसो! दुसऱ्या दिवशी आयजीसी फाईल उघडून चिरफाड, "इथे अर्ध्या मीटरच्या थर्मलमध्ये सहा मिनिटं का घालवलीस?"

आपल्या धंद्यात याला कोड रिव्ह्यू म्हणतात. स्टेजिंगवर न चालवता थेट प्रॉडक्शनला कोड ढकलणाऱ्याला आपण शूर म्हणत नाही, वेगळंच काहीतरी म्हणतो. मग सगळ्या चुका पहिल्यांदा खऱ्या आकाशातच करणारा तेवढा "खरा पायलट" कसा काय?

मान्य आहे, थर्मलची चाहूल देणारा सीटखालचा धक्का सिम्युलेटरमध्ये नसतो. विजेच्या तारा, पिकाची उंची, शेतातल्या गायी नीट कळत नाहीत. आणि भीती नसते, ही सगळ्यात मोठी उणीव. एकटाच खेळणारा तर बिघडतोच. ३०० फुटांवर थर्मल शोधत बसायचं, आपटलो की पुन्हा सुरू! इथपर्यंत टोमणा बरोबर आहे. पण त्यावर इलाज सिम्युलेटरला नावं ठेवणं हा नाही. त्या पोराबरोबर एक जाणता माणूस बसवणं, हा आहे.

त्या शनिवारी १५०० फुटांवर माझे हात थरथरत होते. पुढे एक ढग खुणावत होता. अजून १९ किलोमीटर, की बॅज खिशात! कानाला हेडफोन नव्हता, तरी प्रश्न ऐकू आला. ढगाकडे पाठ फिरवली, शेत पकडलं, उतरलो. ग्लायडरला ओरखडा नाही, मलाही नाही. याला नापास म्हणायचं? तो प्रश्न अंगात मुरायला मला किती खरी शेतं लागली असती, आणि त्यात किती ग्लायडर्स मोडली असती?

तेव्हा क्लबातल्या जाणत्यांनो, सिम्युलेटर म्हणजे पाहुण्यांच्या मुलांची करमणूक, असं समजून तो कोपऱ्यात टाकू नका. हिवाळ्यात आठवड्याचे दोन तास द्या. इथे कमतरता ग्राफिक्स कार्डाची नाहीये, तुमच्या वेळेची आहे.

आजोबा ट्रेलर घेऊन आले तेव्हा शेताकडे बघून एवढंच म्हणाले, "चढ-उतार बघितला होतास?"

नव्हता बघितला. असो. येत्या बुधवारी तोच धडा आहे.