‘ताजे रक्त’ मागू नका, नेमका घटक मागा

"डॉक्टर, रक्त ताजंच हवं. फ्रीजमधलं नको. आम्ही माणसं आणली आहेत, त्यांचं काढून लगेच चढवा."

गेली पंचवीसेक वर्षे मी हे ऐकतो आहे. त्यामागची काळजी मला कळते. तरी हा आग्रह चुकीचा आहे, आणि त्याला खतपाणी आम्हा डॉक्टरांनीच घातले आहे. चिठ्ठीवर ‘ताजे रक्त, २ बाटल्या’ असे लिहून नातेवाइकांना मध्यरात्री पळवणारे आमच्यातलेच असतात.

तुमच्या शंकेत खरे काय आहे?

फ्रीजमध्ये ठेवल्याने रक्ताची गोठण्याची क्षमता कमी होते, हे खरे आहे. इथे गोठणे म्हणजे बर्फ होणे नव्हे, तर जखमेवर रक्त साकळून वाहणे थांबणे.

दान केलेले रक्त पिशवीतच साकळू नये म्हणून तिच्यात सायट्रेटचे द्रावण असते. ते रक्तातले कॅल्शियम बांधून ठेवते. मग पिशवी २ ते ६ अंश सेल्सिअसला ठेवतात. हे तापमान लाल पेशींना मानवते. नेहमीच्या सीपीडीए-१ द्रावणात त्या ३५ दिवस चालतात. प्लेटलेटना मात्र ते मानवत नाही. थंडीत त्यांचा चपटा आकार जाऊन त्या गोल, काटेरी होतात आणि रुग्णाच्या शरीरात गेल्यावर लवकर नाहीशा होतात. गोठण्यासाठी लागणाऱ्या प्रथिनांपैकी ‘फॅक्टर ८’ पहिल्या एक-दोन दिवसांतच बराच घटतो, ‘फॅक्टर ५’ त्याहून सावकाश. फायब्रिनोजेन मात्र बरेच दिवस टिकते.

म्हणजे फ्रीजमधले रक्त ‘मेलेले’ असते का? मुळीच नाही. थंड ठेवलेले संपूर्ण रक्त सुमारे दोन आठवडे बऱ्यापैकी साकळू शकते. अमेरिकी सैन्य जखमी जवानांसाठी असे रक्त वापरते.

मग ताजे का नको?

पहिले कारण : बहुतेक रुग्णांना ते लागतच नाही. हिमोग्लोबिन कमी असेल तर हव्या असतात फक्त लाल पेशी. हृदयशस्त्रक्रियेचे, अतिदक्षता विभागातले आणि इतर हजारो रुग्ण घेऊन झालेले मोठे अभ्यास २०१५ आणि २०१६ साली प्रसिद्ध झाले. ताज्या रक्ताने मृत्यू कमी झाले नाहीत.

दुसरे कारण : ज्याला गोठण्याचे घटक खरोखर हवे आहेत, त्याचे एका ताज्या बाटलीने भागत नाही. मोठ्या माणसाला प्लेटलेटचा एक डोस द्यायचा तर साधारण चार ते सहा दात्यांच्या प्लेटलेट लागतात. म्हणून रक्तपेढी रक्ताचे घटक वेगळे करते. लाल पेशी फ्रीजमध्ये राहतात. प्लेटलेट २० ते २४ अंशांना, सतत हलत्या ठेवून, ५ दिवस टिकतात. प्लाझ्मा उणे ३० अंशांखाली वर्षभर टिकतो. एका दात्याचे रक्त तिघांना पुरते. तेच अख्खे फ्रीजमध्ये गेले, की यातले बरेच वाया जाते.

डेंग्यूच्या एका मुलाचे वडील प्लेटलेटची पिशवी बर्फात पुरून घेऊन आले होते. ज्या थंडीपासून प्लेटलेट जपायच्या, तिच्यातच त्या तासभर राहिल्या. पिशवी टाकून द्यावी लागली. चूक त्या बापाची नव्हती. त्याला कुणी सांगितलेच नव्हते.

तिसरे कारण सुरक्षिततेचे. एचआयव्ही, कावीळ बी, कावीळ सी, सिफिलिस आणि मलेरिया या पाच तपासण्यांशिवाय रक्त देता येत नाही, आणि त्यांना वेळ लागतो. ‘काढा आणि चढवा’ म्हणणे म्हणजे या तपासण्या घाईत उरका असे म्हणणे. रात्री दोनला दाता मिळेना, की कुणीतरी पैसे घेणारा माणूस गाठून देतो. पैसे घेऊन रक्त देण्यावर १ जानेवारी १९९८ पासून बंदी आहे, ती उगाच नाही. सख्ख्या नातेवाइकाचे ताजे रक्त तर क्वचित जीवघेणे ठरते : त्यातल्या पांढऱ्या पेशी रुग्णाच्याच शरीरावर हल्ला करतात.

अपवाद आहेत. नवजात बाळाचे रक्त बदलताना काही दिवसांपेक्षा जुने रक्त टाळतात. बाळंतपणात प्रचंड रक्तस्राव सुरू आहे आणि घटक मिळतच नाहीत, तिथे संपूर्ण रक्त जीव वाचवते. पण तो निर्णय डॉक्टरांचा, रक्त तपासलेलेच, आणि फ्रीजमधले असले तरी चालते.

तेव्हा पुढच्या वेळी चिठ्ठी हातात आली, की हे विचारा :

• नेमका कोणता घटक हवा आहे आणि कशासाठी?
• तो कसा न्यायचा? लाल पेशी थंड पेटीत, प्लेटलेट कधीही बर्फात नाही.
• पिशवी आली की लगेच लावणार ना? रक्त घरच्या किंवा वॉर्डच्या फ्रीजमध्ये ठेवू नका, गरम पाण्यातही बुडवू नका. सुरू केल्यावर ४ तासांत संपायला हवे.

असे विचारल्यावर एखादा डॉक्टर चिडला, तर चिडू द्या. उत्तर देणे त्याचे काम आहे.

आणि रक्तपेढीत साठा असावा असे वाटत असेल, तर घरात कुणी आजारी पडायची वाट पाहू नका. आजच जाऊन रक्त द्या. तुमच्या माणसाला रात्री दोन वाजता उपयोगी पडते ते कुणीतरी आधीच दिलेले, तपासलेले, फ्रीजमधलेच रक्त.