‘मस्त!’च्या पुढे काय?
वारीतल्या रिंगणाचा फोटो हौशी छायाचित्रकाराने दाखवला की प्रतिक्रिया ठरलेल्या: ‘मस्त!’ किंवा ‘नाही जमला’. दोन्हींतून त्याच्या पदरात काही पडत नाही, कारण पुढच्या वारीत नेमकं काय बदलायचं ते कळत नाही. धावणारा अश्व १/६० सेकंदाला पुसट येणार, १/१००० ला जागीच थिजणार. कडेला कुणाचा तरी मोबाइल धरलेला अर्धा हात नजर खेचणार. हे दाखवून देता येतं. ‘आवड ज्याची त्याची’ हा आक्षेप निम्मा खरा आहे. पुसटपणा मुद्दाम ठेवला की चुकून आला हे काढणाऱ्यालाच ठाऊक, म्हणून आधी त्याला विचारावं. पण तो अर्धा हात सहसा कुणाच्याच आवडीचा नसतो! ऐकणाऱ्यानेही ‘गर्दी फार होती हो’ हे पालुपद आवरावं. बघणाऱ्यापुढे चौकट तेवढी असते. आणि क्षण तर गेला, आता बोलून काय उपयोग, हेही पटत नाही. अमेरिकी छायाचित्रकार ॲन्सेल ॲडम्सने १९४१ मध्ये न्यू मेक्सिकोतल्या हर्नांडेझचा चंद्रोदय टिपला, तेव्हा दुसरी निगेटिव्ह घेण्याआधीच तिथल्या दफनभूमीतल्या क्रूसांवरचा उजेड गेला. त्या एकाच निगेटिव्हवरून तो पुढे कित्येक वर्षं प्रिंट काढत राहिला, आणि आकाश अधिकाधिक काळं करत गेला. शटर दाबल्यानंतरही इतके निर्णय उरतात. मोबाइलवर कड कापायला किंवा सावली उजळायला तर डार्करूमही लागत नाही.