हवेच्या हिशेबातील खोटा दाखला

मोटारीच्या इंजिनाची शक्ती वाढविण्याचा छंद ज्यांस जडला आहे, त्यांच्या बैठकीत टर्बो, सुपरचार्जर आणि इंजेक्टर यांची चर्चा अखंड चालते. परंतु या साऱ्यांचा कारभार ज्याच्या एका नोंदीवर चालतो, तो हवा मोजणारा लहानसा सेन्सर बहुधा खर्चाच्या यादीत सर्वांत शेवटी येतो, आणि कित्येकदा तर त्याला बुद्धिपुरस्सर खोटे बोलावयास लावले जाते. ही प्रथा मला त्याज्य वाटते.

या सेन्सरची रचना मोठी हृद्य आहे. हवेच्या नळीत केसासारखी बारीक प्लॅटिनमची तार ताणलेली असते. वाहती हवा तिची उष्णता जितकी हिरावून नेते, तितका विद्युत्प्रवाह वाढवून तिचे तापमान कायम राखले जाते, आणि तो प्रवाह हेच हवेच्या वस्तुमानाचे माप ठरते. तप्त तारेचे हे गणित एल. व्ही. किंग यांनी १९१४ मध्येच मांडले होते. बॉश कंपनीच्या एलएच-जेट्रॉनिक प्रणालीत तर इंजिन बंद झाल्यावर ती तार क्षणभर लालबुंद तापवून तिच्यावरचा मळ जाळून टाकण्याचीही तजवीज होती! हल्ली तारेच्या जागी बहुधा पातळ पापुद्रा असतो, तत्त्व तेच.

सेन्सरकडून आलेले व्होल्टेज गाडीतील संगणक आपल्या तक्त्यावरून हवेच्या वजनात उलगडतो आणि एक भाग पेट्रोलास सुमारे १४.७ भाग हवा हे प्रमाण पायाभूत धरून इंधन मंजूर करतो. या व्होल्टेजची कमाल मर्यादा साधारणतः पाच. मूळ इंजिनास ती पुरते. परंतु त्यावर सुपरचार्जर चढविला की हवा वाढतच राहते आणि आकडा मात्र पाचाच्या उंबरठ्यावर थबकतो, म्हणजे इंधनाची निकड सर्वाधिक असते नेमक्या त्याच वेळी मिश्रण विरळ होऊ लागते. तेव्हा मोठा सेन्सर बसविणे ही चैन नव्हे, हे मला मान्य आहे. माझी तक्रार पुढच्या पायरीविषयी आहे.

अमेरिकेतील फोर्ड मस्टँगचे उदाहरण घ्यावे. १९८९ पासून तिच्या पाच लिटरच्या इंजिनावर सर्वत्र हा सेन्सर आला, आणि तिचे मूळ इंजेक्टर ताशी १९ पौंड इंधन देणारे होते. शौकिनांनी ३० पौंडांचे बसविले. पण संगणकाचा तक्ता बदलण्याचे साधन त्या काळी सर्वांच्या हाती नव्हते, म्हणून विक्रेत्यांनी अशी मापके बाजारात आणली, की जी खऱ्या हवेच्या सुमारे ६३ टक्केच हवा संगणकास कळवीत. संगणक इंजेक्टर कमी वेळ उघडी, इंजेक्टर मोठा असल्याने इंधन मात्र पुरेसे पडे, आणि जमाखर्चाचा ताळा बिनबोभाट जमे. परंतु याच आकड्यावरून इंजिनावरील भार आणि त्या भारावरून ठिणगीची वेळही ठरते! एका खात्यात खोटी पावती खपली म्हणून दप्तरातील बाकीची खाती खरी होत नाहीत. भार कमी दिसला की ठिणगी लवकर पडते, दाबलेल्या हवेत तिने नॉकिंग, म्हणजे मिश्रणाचे अवेळी भडकणे, सुरू होते, आणि त्याची अखेर पिस्टन फुटण्यात होऊ शकते.

हा अपराध लवकर उघडकीस येत नाही, याचे कारण संगणक मोठा सोशिक आहे. गाडी मंद किंवा सम गतीने चालत असता तो एक्झॉस्टमधील ऑक्सिजन सेन्सरच्या साक्षीवरून इंधनातील तफावत निमूटपणे भरून काढतो. पेडल पूर्ण दाबले की बहुधा ही दुरुस्ती बाजूस राहते आणि मूळ तक्त्याचा अंमल चालतो. म्हणूनच ‘गाडी तर मस्त चालते’ हे प्रशस्तिपत्र माझ्या लेखी कवडीमोलाचे आहे. नळी ६५ ऐवजी ८० मिलिमीटर व्यासाची केली म्हणजे तिचे क्षेत्रफळ दीडपट होते, सबब तक्त्यातील प्रत्येक आकडा दीडपट करावा, हा हिशेबही भाबडाच. कारण सेन्सरच्या अगदी अलीकडे नळीस वळण असेल तर प्रवाह एका अंगास झुकतो आणि मापन बिघडते.

आपल्याकडे डिझेल गाड्यांसाठी विकल्या जाणाऱ्या अनेक ‘ट्यूनिंग बॉक्स’ची जातकुळी हीच: कॉमन रेलमधील इंधनाचा दाब आहे त्याहून कमी असल्याचे ती डबी कळविते, आणि संगणक बिचारा तो वाढवितो. वॉरंटीच्या वेळी ती काढून ठेवता येते, हा तिचा गुण म्हणून सांगितला जातो, यातच सारे आले. रस्त्यावरील गाडीत मूळ विनिर्देशांशी विसंगत फेरफार करण्यास मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ आडवे येते आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तसाच निर्वाळा दिला आहे. पण शर्यतीच्या मैदानापुरती गाडी सजविणाऱ्यानेही पैसे मोजण्यापूर्वी कारागिराकडे बदललेला तक्ता मागावा, आणि डायनोवर, म्हणजे शक्तिमापक यंत्रावर, पूर्ण थ्रॉटलला घेतलेली सेन्सरचे व्होल्टेज, वाइडबँड ऑक्सिजन सेन्सरने मोजलेले मिश्रण व ठिणगीची वेळ यांची नोंदही मागावी. ती देण्यास जो टाळाटाळ करील, त्याच्या हाती किल्ली देऊ नये.