परके कोणीं ठेविले?

मोहर्लीस वाघ पाहावयास येणाऱ्या सुशिक्षित मंडळींच्या तोंडून एक उद्गार आम्हीं अनेकदां ऐकला आहे: “चामोर्शी-मुलचेऱ्याकडचे ते बंगाली साठ वर्षें येथें राहिले, तरी बंगालीच! मराठी व्हावयास त्यांना आणखी किती काळ हवा?” या प्रश्नांतील अहंकाराचा समाचार घेणें आम्हांस अवश्य वाटतें.

हे लोक हौसेनें आले नाहींत. पूर्व पाकिस्तानांतून, विशेषतः १९६४ च्या दंगलींनंतर, जीं निर्वासित कुटुंबें भारतांत आलीं, त्यांतील कित्येक नामशूद्र कुटुंबें सरकारनें तत्कालीन चांदा जिल्ह्याच्या जंगलांत वसविलीं. नद्यांच्या मुलखांतला शेतकरी सागवानाच्या रानांत येऊन पडला. आजोबांनीं मातृभाषा जपली. मुलांनीं बाजारांत व कचेरींत मराठी आत्मसात केली. नातवंडें घरीं बंगाली बोलतात, बाहेर मराठी. यांत द्रोह तो कोठें आहे?

व्यंकोजीराजांनीं १६७५-७६ च्या सुमारास तंजावर घेतलें. तें राज्य १८५५ मध्यें लयास गेलें. तरी तेथील मराठी घराण्यांनीं तमिळ आपलीशी करून घरांत मराठी राखली, म्हणून आमचे वक्ते गहिंवरतात. तंजावरांत जी निष्ठा, तीच मुलचेऱ्यांत हेकटपणा कशी ठरते?

कोणी म्हणेल, ही भूमि मूळची गोंडांची. त्यांस कोणीं विचारलें? आक्षेप खरा आहे. परंतु जमीन वाटली सरकारनें. तिचा जाब नातवाकडे मागणें हा न्याय नव्हे.

शिवाय ‘मराठी व्हा’ म्हणणारे त्यास मराठी होऊं देतात काय? पश्चिम बंगालमध्यें नामशूद्र अनुसूचित जातींत मोडतात. महाराष्ट्राच्या यादींत त्यांस स्थान मिळालें नाहीं, कारण १९५० पासून या याद्या राज्यवार आहेत. हक्क मागतांना ‘तूं आतां महाराष्ट्राचा’ म्हणून बंगालची यादी मिटते, आणि ‘तूं तर बंगालचा’ म्हणून महाराष्ट्राची यादी उघडत नाहीं! निष्ठेचा हिशेब मात्र त्याच्याकडून दररोज मागितला जातो.

माणसाची ओळख तो एकटा घडवीत नाहीं. शेजारी ज्या नांवानें हांक मारतो, त्या नांवानेंच ती घट्ट होत जाते. हे लोक बंगालीपण केव्हां सोडतील, असें विचारण्यापूर्वीं ‘ते बंगाली’ हे शब्द आपण केव्हां सोडणार, हें वाचकांनीं स्वतःस विचारावें.