द्राक्षं घेणार कोण?

वाइनचा विषय निघाला की आपल्याकडे लगेच दोन तट पडतात. एकाच्या मते ही दारूच. दुसऱ्याच्या मते हा फळांचा रस, शेतकऱ्याला चार पैसे मिळवून देणारा. २०२२ च्या जानेवारीत राज्य मंत्रिमंडळाने सुपरमार्केटमधून वाइन विकू देण्याचं ठरवलं, तेव्हा हा वाद घराघरांत रंगला. विरोध एवढा झाला की निर्णय कागदावरच राहिला. दारूने मोडलेले संसार मीही पाहिले आहेत, त्यामुळे विरोध करणाऱ्यांना मी हसणार नाही. पण दोन्ही बाजू बोलत होत्या त्या बाटलीबद्दल. ज्याच्या नावाने हे सारं चाललं होतं, त्या द्राक्ष बागायतदाराची गाडी नेमकी कुठे अडते, ते कुणी फारसं विचारलं नाही. या प्रश्नाची एक बाजू मला फार दूर, ऑस्ट्रेलियात दिसली होती. तीही एका दिवसाच्या सहलीत.

२०११ साली मी अ‍ॅडलेडला शिकत होतो. मार्चमधल्या एका शनिवारी आम्ही पाच विद्यार्थी भाड्याची गाडी काढून बरोसा खोऱ्यात गेलो. अंतर सत्तरेक किलोमीटर, म्हणजे पुण्याहून लोणावळ्याला जावं तेवढंच. गाडी चालवणाऱ्याने दिवसभर फक्त पाणी प्यायचं, असं ठरवून चिठ्ठ्या टाकल्या. चिठ्ठी आमच्या हैदराबादी मित्राच्या नावाची निघाली आणि आपला हा त्याग त्याने संध्याकाळपर्यंत आम्हाला विसरू दिला नाही.

वाइनरीत चव घेण्याचा एक रिवाज असतो. पेल्याच्या तळाशी घोटभर ओततात. ती हुंगायची, तोंडात घोळवायची आणि समोरच्या भांड्यात चक्क थुंकून टाकायची. ते भांडं पाहून मला आजोबांची पितळी पिकदाणी आठवली. ती घासून कंटाळलेल्या आजीला कुणी सांगितलं असतं, की साहेबलोकही असंच करतात, तर तिने कपाळावर हात मारून घेतला असता!

हे खोरं वसवलं ते मुख्यतः इंग्रजांनी आणि जर्मनांनी. प्रशियाच्या राजाने प्रार्थनेची नवी पोथी लादली, ती न मानणारे ल्यूथरपंथी लोक देश सोडून निघाले. त्यांनी १८४२ मध्ये इथे बेथनी हे गाव वसवलं. जवळच टनुंडाला १८४३ साली लावलेला शिराझ द्राक्षांचा एक तुकडा अजून फळ देतो. बुंधे माणसाच्या मांडीहून जाड, पिळवटलेले, काळेठिक्कर. निफाड तालुक्यातल्या आमच्या काकांच्या शेतावर पंधरा वर्षांची बाग म्हातारी समजतात. इथे तर पस्तीस वर्षं पार केली की वेलीला 'जुनी' हा मान मिळतो, आणि सव्वाशेच्या पुढची ती 'पूर्वज'. तशी नियमावलीच त्यांनी २००९ मध्ये केली आहे.

बागेच्या कडेला पाटी होती: वेलींमध्ये पाऊल टाकू नका. कारण फिलॉक्सेरा. मुळांतला रस शोषणारा हा सूक्ष्म किडा एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतून युरोपात गेला आणि त्याने फ्रान्सच्या बागा उजाड केल्या. १८७७ मध्ये तो ऑस्ट्रेलियात, व्हिक्टोरिया प्रांतात सापडला. शेजारच्या दक्षिण ऑस्ट्रेलियाने १८९९ मध्ये खास कायदा केला, बाहेरच्या वेलींना दार बंद केलं आणि आजतागायत हा किडा आत येऊ दिलेला नाही. बुटाच्या मातीतूनही तो येऊ शकतो, म्हणून ती पाटी.

किड्यापासून वाचलेल्या या वेली पुढे सरकारच्या तावडीत सापडल्या, हे ऐकून मी थक्क झालो. १९८० च्या दशकात द्राक्षं उदंड झाली, भाव कोसळले, तेव्हा वेली उपटून टाकण्यासाठी सरकारने शेतकऱ्यांना पैसे दिले. शंभर-शंभर वर्षांची खोडं उपटली गेली. त्याआधी १९७९ मध्येच संकटाची चाहूल लागली होती. एका मोठ्या वाइनरीच्या मालकांनी आपल्या व्यवस्थापकाला, पीटर लेमनला, बजावलं की यंदा शेतकऱ्यांकडून द्राक्षं घेऊ नका. शेतकऱ्यांशी त्याचा करार फक्त तोंडी होता. तो मोडायचा नाही म्हणून त्याने भांडवल उभं केलं, नवी कंपनी काढली आणि त्यांची द्राक्षं घेतली. हा जुगारच आहे हे त्यालाही ठाऊक असावं. त्याच्या बाटलीवर किलवरची राणी आहे.

सेपेल्ट्सफील्डच्या रस्त्याला दुतर्फा खजुरीच्या जातीची उंच झाडं आहेत. १९३० च्या मंदीत वाइनरीत काम उरलं नव्हतं. मालकांनी मजुरांना घरी न पाठवता ही झाडं लावायला घातलं. तिथल्या तळघरात १८७८ पासून दरवर्षी एक पिंप शंभर वर्षांसाठी राखून ठेवतात, त्याची महती सगळे प्रवासी सांगतात. मला त्या पिंपांपेक्षा ही झाडं मोलाची वाटली.

कारण तेव्हा घरून येणारे फोन वेगळं सांगत होते. महाराष्ट्राने २००१ मध्ये वाइनसाठी खास धोरण आखलं, विंचूरला आणि पलूसला वाइन पार्क काढले. त्या उत्साहात काकांनीही सव्वा एकर शिराझ लावली. पुढे मंदी आली आणि ज्या वाइनरीशी त्यांची बोलणी झाली होती, तिने माल उचलला नाही. वाइनची द्राक्षं बारीक, जाड सालीची आणि बियांची. हातगाडीवर ती कुणी फुकटही घेणार नाही. गिऱ्हाईक एकच, आणि त्याने पाठ फिरवली की संपलं. काकांनी कुऱ्हाड लावली. त्यांच्यासारखे आणखीही होते, आणि उपटण्याचे पैसे त्यांना कुणी दिले नाहीत.

म्हणून वाइन दुकानात मिळावी की नाही, या वादात मला आधी दुसरंच विचारावंसं वाटतं. छाटणीच्या आधी भाव कागदावर लिहिला जाणार का? माल उचलला नाही तर भरपाई कोण देणार? बागायतदाराच्या नावाने धोरण आखताना या दोन ओळी त्यात नसतील, तर त्याचं नाव तरी कशाला घ्यायचं?

काकांच्या त्या सव्वा एकरात आता थॉमसन आहे. ते म्हणतात, भाव पडला तर निदान बेदाणा तरी करता येतो.